दोर खरा, साप खोटा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी चार-पाच महिने मी त्यात तारीख अशी बघितलीच नाही. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी त्याच्यासमोर दोन पावलांवर उभं राहायचं, डावा डोळा तळहाताने झाकायचा आणि आकड्याखालची बारीक अक्षरांतली तिथी वाचायची. मग उजवा झाकून पुन्हा तेच. कालच्यापेक्षा आज पुसट आहे का? नवमीचा ‘न’ नीट सुटा दिसतो का? त्यानंतर शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर नजर फिरवायची आणि डोळ्यापुढे तरंगणारे धागे, ठिपके, एक अर्धवट वेटोळं यांची हजेरी घ्यायची. रोज तिथी वाचूनही त्या महिन्यांतली एकही तिथी माझ्या लक्षात नाही.

सुरुवात साधी होती. ऑफिसात संगणकाच्या पांढऱ्या पडद्यावर केस पडल्यासारखा वाटला. पुसला, गेला नाही; नजर वळवली तसा तोही वळला. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात दोनदा चमकलं. माझ्या चष्म्याचा नंबर उणे सहा, त्यामुळे डोळ्याचा पडदा सुटल्याच्या गोष्टी ऐकून होतो. डॉक्टरांकडे गेलो. थेंब घातले, बाहेरच्या बाकावर अर्धा तास डोळे मिटून बसवलं. मग डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून, वर बघा, खाली बघा, कानाकडे बघा करत डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचा कोपरा न् कोपरा तपासला.

“पडदा एकदम छान आहे. काही नाही.”

“मग मला दिसतं ते?”

“काही नाही ते. दुर्लक्ष करा.”

बाहुल्या विस्फारलेल्या असल्याने घरी येताना रिक्षातून रस्ता पांढराफटक दिसत होता, पण जीव भांड्यात पडला होता. तो रात्रीपर्यंत भांड्यात राहिला. सकाळी मी पुन्हा कॅलेंडरासमोर. पंधरा दिवसांनी ताई म्हणाली, “अरे, रिपोर्ट नॉर्मल आलाय ना? तू उगाच हाय खाल्लीयस. मनाचे खेळ आहेत सगळे.”

डॉक्टरांनी तपासणी चोख केली होती आणि ताईचा माझ्यासाठी जीव तुटत होता. माझं भांडण त्या दोघांशी नाही. ‘काही नाही’ या दोन शब्दांशी आहे. दवाखान्यात, घरात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे दोन शब्द निदान म्हणूनही वापरले जातात आणि औषध म्हणूनही. माझं म्हणणं असं, की निदान म्हणून ते चुकीचे आहेत आणि औषध म्हणून निरुपयोगी.

खंडनाची आपली जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा. तो असा. डोळा हा शरीराचा असा भाग आहे, जिथे चिरफाड न करता जिवंत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूचं टोक थेट बघता येतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये ऑप्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवला आणि तोवर अंधारात असलेलं डोळ्याचं आतलं घर उजळलं. आज ओसीटीचं यंत्र पडद्याचे थर मायक्रॉनच्या हिशेबात दाखवतं. इतकं बघूनही काही सापडत नसेल, तर तक्रारीचा उगम डोळ्यात नाही. डोळ्यात नाही म्हणजे मनात. मनातलं असेल तर त्यावर जितकं बोलू तितकं ते फुगणार. तेव्हा ‘काही नाही’ म्हणून विषय संपवणं यातच रुग्णाचं भलं. बाहेर साठ-सत्तर माणसं ताटकळत असताना यापेक्षा जास्त काय बोलणार, हाही या पक्षातला एक प्रामाणिक मुद्दा आहे.

या पक्षाला एक जुळा भाऊ आहे, दिसायला अगदी उलटा. तो म्हणतो, “काही नाही कसं? काहीतरी असणारच, सापडलं नाही एवढंच. दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. एमआरआय करून टाक, एकदाचा संशय फिटेल.” पहिला रुग्णाला गप्प करतो, दुसरा पळवतो. पण दोघांचं गृहीतक एकच आहे: तक्रार खरी ठरायची तर तिचा फोटो निघाला पाहिजे. फोटो नाही म्हणून तक्रार खोटी, असं पहिला म्हणतो. तक्रार खरी आहे म्हणजे फोटो कुठेतरी निघेलच, असं दुसरा म्हणतो. गृहीतकच पाडलं की दोन्ही पक्ष पडतात.

ते पाडायला आपल्याच दर्शनशास्त्रात एक अवजार तयार आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि त्यांच्यामागून अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही हे कशावरून कळतं? घडा दिसत नाही यावरून. न दिसणं हाच नसण्याचा पुरावा. पण या पुराव्याला त्यांनी एक कडक अट घातली. ती अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे, म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती पाहिजे. उजेड हवा, बघणाऱ्याची नजर धड हवी आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत डोकावून ‘घडा नाही’ म्हणणाऱ्याला घडा नसल्याचं ज्ञान झालेलं नसतं. त्याला फक्त घडा दिसलेला नसतो.

ही अट नॉर्मल रिपोर्टाला लावून बघा. बाहुली मोठी करून, कडेपर्यंत पडदा तपासून डॉक्टर म्हणतात की पडदा फाटलेला नाही, सुटलेला नाही. ही योग्य अनुपलब्धी झाली. सुटलेला पडदा त्या उजेडात, त्या भिंगातून दिसलाच असता. तेव्हा त्या वाक्यावर पूर्ण विश्वास ठेवावा, हे मी आधी स्वतःला बजावतो, कारण मला नेमकं तेच जमत नव्हतं. पण त्याच तपासणीवरून ‘तुम्हाला काही दिसत नाही’ किंवा ‘दिसतं त्याला कारण नाही’ असं म्हणणं ही अंधाऱ्या खोलीतली अनुपलब्धी आहे. ज्या गोष्टी त्या भिंगातून दिसण्याजोग्याच नाहीत, त्यांच्या नसण्याबद्दल भिंग साक्ष देऊ शकत नाही.

अशा गोष्टी थोड्याथोडक्या नाहीत. माझ्या धाग्यांचंच घ्या. डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक, जेलीसारखा व्हिट्रियस भरलेला असतो. त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी आणि उरलेल्यात कोलॅजनचे अतिसूक्ष्म तंतूही. वय वाढतं तशी, आणि जाड चष्मेवाल्यांत जरा लवकरच, ही जेली पातळ होते, तंतू एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. उन्हात किंवा पांढऱ्या भिंतीसमोर बाहुली बारीक होते, तेव्हा ती सावली जास्त रेखीव उमटते. म्हणून हे धागे आकाशात दिसतात, अंधारात नाहीत. मोठा पुंजका असेल तर डॉक्टरांनाही दिसतो. पण पडद्याला लगटून असलेला एखादा बारीक तंतू बाहेरून बऱ्याचदा हाती लागत नाही आणि आतून मात्र ठळक जाणवतो. डॉक्टर दिव्याच्या बाजूने बघतात, रुग्ण सावलीच्या बाजूने.

तक्रार काही आजची नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिर या रोगाचं वर्णन आहे. दोष दुसऱ्या पटलात शिरला की रुग्णाला माश्या, डास, केस आणि जाळी दिसतात, असं तिथे सांगितलं आहे. तिमिरात नजरेचे नाना विकार येतात, तेव्हा ते माझ्या धाग्यांचंच वर्णन आहे असा दावा मी करणार नाही. पण युरोपातल्या वैद्यांनीही अशाच दिसण्याला लॅटिनमध्ये ‘उडत्या माश्या’ म्हटलं, हे गमतीचं आहे. पुढे बौद्ध आचार्य वसुबंधूने आपल्या ‘विंशतिका’ या ग्रंथाच्या आरंभी हाच तिमिराचा रुग्ण उभा केला: नसलेले केस त्याला दिसतात, तसं हे बाह्य जग. वैद्याने ज्याला लक्षण म्हणून नोंदवलं, त्याला तत्त्वज्ञाने भ्रमाचा दाखला केलं. ‘काही नाही’ म्हणणारे नकळत वसुबंधूच्या ओळीत जाऊन बसतात. मात्र त्याच्या दाखल्यातही केस खोटे असले तरी तिमिर खरं होतं, हे विसरतात.

निरोगी डोळासुद्धा स्वतःलाच बघत असतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १८१९ मध्ये दृष्टीच्या अशा आतल्या अनुभवांवर प्रबंध लिहिला. डोळ्यात विशिष्ट कोनातून दिवा हलवला की माणसाला स्वतःच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची सावली फांद्या फुटलेल्या झाडासारखी दिसते. तिला अजून पुर्किन्येचं झाड म्हणतात. निरभ्र निळ्या आकाशाकडे टक लावली की चमकदार ठिपके सळसळत धावताना दिसतात. पडद्यावरच्या केशवाहिन्यांतून पांढऱ्या रक्तपेशी सरकतात, तेव्हा ते दिसतं. शीरर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९२४ मध्ये त्याचं वर्णन केलं. जो कधी आभाळाकडे असं बघत नाही त्याला ते ठाऊक नसतं. ज्याला डोळ्यांचा धसका बसला आहे, तो नेमका तेच बघतो आणि दचकतो.

डोळा सोडून मागे मेंदूकडे गेलं, तर ‘फोटो दाखवा’ हा आग्रह आणखीच लंगडा पडतो. नजरेच्या मध्यात एक थरथरता ठिपका उगवतो, त्याची नागमोडी, चमकती किनार पसरत जाते, वीसेक मिनिटांत कडेला जाऊन विरते. मायग्रेनचं हे पूर्वलक्षण साधारण ५ ते ६० मिनिटं टिकतं, आणि काहींना त्यानंतर डोकं दुखतही नाही. ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने स्वतःला दिसलेली ही किनार १८७० मध्ये टप्प्याटप्प्याने चितारली. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्लीने १९४१ मध्ये स्वतःच्याच चित्रांवरून हिशेब केला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावं. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या लेआंव या संशोधकाला सशांच्या मेंदूत तशीच संथ सरकणारी लाट सापडली. म्हणजे यंत्रात दिसण्याआधी ही लाट रुग्णाच्या वर्णनात होती आणि रुग्णाने ती मोजलीही होती. दुसऱ्या दिवशी डोळे तपासले तर सगळं नॉर्मल. लाट केव्हाच ओसरलेली.

‘व्हिज्युअल स्नो’ची गोष्ट तर अगदी ताजी आहे. जुन्या टीव्हीवर चॅनल गेल्यावर मुंग्या दिसायच्या, तशा मुंग्या काही माणसांना सगळ्या दृश्यावर, चोवीस तास दिसतात. अशा रुग्णांचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९९५ मध्ये आलं. हा वेगळा विकार आहे, मायग्रेनची शेपटी नाही, असं निकषांसह मांडायला २०१४ उजाडलं. त्याच सुमारास पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात या रुग्णांची चयापचय क्रिया वाढलेली आढळली. २०१८ मध्ये डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या परिशिष्टात त्याला जागा मिळाली. यांचे डोळे नॉर्मल, नेहमीचा एमआरआय नॉर्मल. २०१४ च्या आधी जे लोक ही तक्रार घेऊन गेले, त्यांची तक्रार २०१४ मध्ये खरी झाली असं थोडंच आहे?

यावर पूर्वपक्षी म्हणेल, “ठीक. पण काळजीने त्रास वाढतो हे तरी मान्य आहे ना? मग मनाचेच खेळ.” वाढतो, हे शंभरदा मान्य. किंबहुना तो कसा वाढतो हे नीट सांगितलं, की ‘मनाचे खेळ’ हा शब्दप्रयोग किती पोकळ आहे ते कळतं. भीतीने अॅड्रिनलिन सुटतं, बाहुल्या मोठ्या होतात, उजेड खुपतो. श्वास भरभर होऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, नजर धूसर होते. मोबाईलवर आजार शोधत तासभर टक लावून बसलं की पापण्या लवणं निम्म्याहून कमी होतं, अश्रूंचा थर फाटतो, अक्षरं अंधुक होतात. दोनदा पापणी मिटली की पुन्हा साफ. यातलं काय ‘मनाचं’ आणि काय ‘शरीराचं’? आपल्या भाषेने ही फाळणी कधी केलीच नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधारी येते, पोटात गोळा येतो: भीतीचे आपले सगळे वाक्प्रचार शरीराच्या पत्त्यावर राहतात.

लक्ष देण्याचाही हिशेब आहे. स्विस वैद्य ट्रॉक्सलर याने १८०४ मध्ये दाखवलं, की एका बिंदूवर नजर स्थिर ठेवली तर बाजूची न बदलणारी आकृती थोड्या वेळात नाहीशी होते. सततचं, निरुपद्रवी ते मेंदू गाळून टाकतो. पंख्याचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो. धागेही बहुतेकांच्या बाबतीत कालांतराने असेच मागे पडतात. पण रोज सकाळी भिंतीसमोर उभं राहून हजेरी घेतली, तर आपण मेंदूला सांगत राहतो की हे गाळू नकोस, हे महत्त्वाचं आहे. मी नेमकं तेच करत होतो.

आता जुळ्या भावाकडे वळू: ‘आणखी एक टेस्ट करून टाक.’ याचं खंडन आकड्यांनीच करता येतं. इंग्लंडमधला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाची दुर्बिणीतून तपासणी करून ‘गंभीर काही नाही’ असं सांगितलेल्या रुग्णांची काळजी पुढे वर्षभर मोजली गेली. ज्यांना मुळात आजाराची धास्ती कमी होती, ते निवांत झाले आणि राहिले. ज्यांना धास्ती जास्त होती, त्यांची काळजी तपासणीनंतर उतरली आणि २४ तासांत पुन्हा वर चढू लागली. माझा रात्रीपर्यंत टिकलेला दिलासा या आलेखावर बरोबर बसतो. २०१३ मध्ये १४ चाचण्यांचा आणि ३,८२८ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्याचा निष्कर्षही हाच: गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी असताना केलेल्या तपासण्या काळजी फारशी कमी करत नाहीत. आणि एमआरआयमध्ये भलतंच काही सापडतं ते वेगळंच. मेंदूतले बारीक पांढरे ठिपके वयानुसार अनेकांना असतात, मायग्रेनवाल्यांना जरा जास्त. रिपोर्टात त्यांची एक ओळ येते आणि धागे राहतात बाजूला, माणूस ठिपक्यांच्या मागे लागतो. साप साप म्हणून भुई धोपटण्याला अशाने अंत नसतो.

असं का होतं, याचं उत्तर पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक या मानसोपचाराच्या अभ्यासकांनी १९८६ मध्येच दिलं होतं. आश्वासन मागणं हे धास्तीवरचं औषध नसून धास्तीचाच एक भाग आहे, तिचा खुराक आहे. प्रत्येक आश्वासनाने क्षणभर बरं वाटतं, म्हणून पुन्हा ते हवं होतं. म्हणजे ‘काही नाही’ हे वाक्य आणि कॅलेंडरावरची तिथी ही एकाच गोळीची दोन नावं.

एक मोठा आक्षेप उरतो आणि तो डावलून पुढे जाणं बेजबाबदारपणाचं ठरेल. “तुम्ही तपासण्यांना नावं ठेवताय. उद्या कुणाचा पडदा खरंच सुटला तर?” मी पहिल्या तपासणीला नाव ठेवत नाही, ती झालीच पाहिजे, आणि लगेच. अचानक धाग्या-ठिपक्यांचा पाऊस पडला, चमका मारू लागल्या, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली सरकली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. अशा नव्या तक्रारी घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलेल्या आणि व्हिट्रियस पडद्यापासून सुटलेल्या रुग्णांपैकी सुमारे १४ टक्क्यांच्या पडद्याला भेग सापडते, असा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. भेग वेळेवर सापडली तर लेझरने बांधून घेता येते. मी एक आठवडा काढला तो माझा मूर्खपणा होता. डोळा हलवताना दुखणं आणि लाल रंग फिका दिसणं, एका डोळ्याची नजर एकाएकी जाणं, एकाचे दोन दिसणं, नजरेसोबत बोलणं अडखळणं किंवा हातपाय लुळे पडणं, पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखणं: यांतलं काहीही असेल तर वाट बघू नये. डोळ्यामागच्या मज्जातंतूला सूज आली, तर सुरुवातीला पडदा अगदी निकोप दिसतो, हेही खरं. पण तिथेही जाणता डॉक्टर टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवून बाहुली बघतो, रंगांची पुस्तिका दाखवतो. जिथे पडदा साक्ष देत नाही, तिथे योग्य तो साक्षीदार बोलावतो. योग्य अनुपलब्धी म्हणजे हेच. आक्षेप माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही. उलट ते जास्त नेमकं करतो. काय न दिसल्याने काय नाही असं ठरतं, हे प्रत्येक तपासणीपुरतं सांगितलं पाहिजे.

आता मंडन. अंधारात दोर बघून माणूस साप समजतो, हा दृष्टान्त आपण कीर्तनापासून क्रमिक पुस्तकांपर्यंत ऐकत आलो आहोत. त्यातली एक गोष्ट घाईत निसटते. दिवा आणल्यावर साप नाहीसा होतो, दोर होत नाही. नॉर्मल रिपोर्टाने सिद्ध होतं ते एवढंच, की साप नाही. धागा, चमक, मुंग्या, धूसरपणा हा दोर तिथेच असतो. ‘काही नाही’ म्हणणारा दोरसुद्धा नाकारतो. मग घाबरलेला माणूस विचार करतो, “याला समोरचा दोरही दिसत नाही, तर साप काय दिसणार!” त्या दोन शब्दांनी दिलासा मिळत नाही याचं कारण रुग्णाचा हट्ट नव्हे, ते शब्द त्याच्या प्रत्यक्ष अनुभवाला खोटं पाडतात, म्हणून तो सांगणाऱ्यावरच अविश्वास ठेवतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणाने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हेच ओळखलं. ‘हायपोकॉन्ड्रियासिस’ हे जुनं नाव काढून टाकलं, आणि तक्रारीला वैद्यकीय कारण सापडतं की नाही या निकषावरचा भरही सोडला. तक्रारीभोवती माणसाचा किती वेळ, विचार आणि भीती गुंतली आहे, हे बघायला सांगितलं.

तेव्हा ‘काही नाही’च्या जागी काय म्हणावं? असं काही: “तुम्हाला दिसतं ते खरं आहे. जेलीतल्या तंतूंची ती सावली आहे. पडद्याला भेग नाही, हे मी कडेपर्यंत बघितलंय. धागे लगेच जाणार नाहीत, पण मेंदू हळूहळू त्यांना बाजूला टाकेल. अमुक-अमुक झालं तर त्याच दिवशी या, नाहीतर दीड महिन्याने दाखवा.” मी घड्याळ लावून बघितलं, याला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही. बाहेर साठ-सत्तर माणसं बसलेली असली तरी परवडण्याजोगं आहे. कारण सापडलं नसेल तर तेही त्याच वाक्यात बसतं: “कशाने होतंय ते आज सांगता येत नाही, कशाने होत नाहीये, ते मात्र नक्की सांगतो.”

रुग्णाच्या बाजूची कामं वेगळी. एकच डॉक्टर, एकच ठरलेली तारीख, मधल्या काळात घरगुती परीक्षा बंद. हे सांगणं सोपं, करणं अवघड. म्हणून त्याची तालीम असते. इंग्लंडमध्ये हृदय, मेंदू, पोट वगैरे विभागांत येणाऱ्या, आजाराची तीव्र धास्ती असलेल्या ४४४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत बोधात्मक वर्तनोपचाराची पाच ते दहा सत्रं दिली होती. त्यांची धास्ती ठळकपणे कमी झाली आणि पाच वर्षांनंतरही हा फरक टिकून होता. टेस्टने दिलेला दिलासा दिवसांत मोजावा लागतो, सत्रांनी दिलेला वर्षांत. मराठी वाचकाला ही भाषा परकी नाही. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसचं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र आपल्याकडे रुजवलं, त्याचं एक सूत्र इथे चपखल लागू पडतं. माझे डोळे निरोगी असावेत ही इच्छा. ते निरोगी आहेत याची शंभर टक्के खात्री मला आत्ता मिळालीच पाहिजे, हा हट्ट. इच्छेने माणूस डॉक्टरांकडे जातो, हट्टाने कॅलेंडरासमोर. बोलायला जवळ कुणी नसेल त्याला १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची मोफत सरकारी सेवा आहे.

मला समुपदेशकाने दिलेला गृहपाठ साधा होता. एक दिवस हवं तितक्या वेळा डोळे तपासायचे, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही, असं आलटून पालटून दोन आठवडे. रात्री झोपताना वहीत दोनच नोंदी करायच्या: आज धागे किती त्रासदायक वाटले, दहापैकी, आणि नजर कशी होती. तपासणीच्या दिवशी आठ, सात, आठ. न तपासण्याचा पहिला दिवस नऊ, कारण दिवसभर हात डोळ्याकडे जात होता. मग सहा, पाच, चार. वही पुराव्यासारखी समोर होती. धागे त्या दोन आठवड्यांत बदलले नव्हते. बदलला होता तो हजेरीपट.

परवा महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशेब करायचा होता. बायकोने कालनिर्णयावर खाड्यांच्या दिवशी फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी चष्मा सरसावून मोजायला लागलो, तर ते जुनं अर्धवट वेटोळं संथपणे वरून आलं आणि सतराव्या तारखेवर येऊन थांबलं. तिथे फुली आहे की नाही, कळेना. मी पापणी मिटली, उघडली. वेटोळं अठरावर सरकलं. सतराला फुली होती. एकूण चार खाडे.